लिनक्समधील नॉन-ब्लॉकिंग सॉकेट : संकल्पना, कार्यपद्धती आणि निकालाच्या दिवसाचा प्रश्न

गोषवारा

एकाच वेळी हजारो ग्राहकांना सेवा देणाऱ्या सर्व्हरची कोंडी अनेकदा कामाच्या भारापेक्षा प्रतीक्षेच्या पद्धतीमुळे होते. लिनक्स कार्यप्रणालीतील सॉकेट मूळ स्थितीत ब्लॉकिंग असते, म्हणजे माहिती येईपर्यंत किंवा जाईपर्यंत प्रोग्रामला थांबवून ठेवते. त्यामुळे संथ जोडणीच्या एका ग्राहकाची प्रतीक्षा इतरांच्याही वाट्याला येते. प्रस्तुत लेखात नॉन-ब्लॉकिंग सॉकेटची संकल्पना, सिलेक्ट, पोल व ईपोल या यंत्रणा, प्रोग्राम लिहिताना होणाऱ्या नेहमीच्या चुका आणि या पद्धतीच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. विवेचनासाठी शालान्त परीक्षेच्या ऑनलाइन निकालाचे उदाहरण घेतले असून महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करता येण्याजोगा एक प्रयोगही शेवटी सुचविला आहे.

बीजशब्द : लिनक्स, सॉकेट, नॉन-ब्लॉकिंग, ईपोल, सर्व्हर, ऑनलाइन निकाल

१. प्रस्तावना

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने इयत्ता दहावीचा निकाल जाहीर केला. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षी परीक्षा झाली नव्हती व अंतर्गत मूल्यमापनावर आधारित निकाल ९९.९५ टक्के लागला होता. राज्यातील सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकाच वेळी निकालाच्या संकेतस्थळांकडे वळले आणि ती संकेतस्थळे कित्येक तास प्रतिसाद देईनाशी झाली. निकाल तयार होता, तो सर्व्हरवर होता, परंतु विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नव्हता.

अशा कोंडीची कारणे अनेक असू शकतात. बँडविड्थ अपुरी असते, डेटाबेसवर ताण येतो, यंत्रांची संख्या कमी पडते. कोणत्याही विशिष्ट संकेतस्थळाच्या अंतर्गत रचनेवर भाष्य करणे हा या लेखाचा हेतू नाही. एकाच वेळी येणाऱ्या असंख्य ग्राहकांना सर्व्हर कसा सामोरा जातो, आणि तो नेमका कशाची वाट पाहत थांबतो, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

या प्रश्नाला विदर्भाच्या संदर्भात एक विशेष अर्थ आहे. मंडळाच्या नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. नागपूर शहरातील विद्यार्थ्याची जोडणी आणि भामरागड किंवा एटापल्लीकडील विद्यार्थ्याची जोडणी यांच्या वेगात मोठी तफावत असते. एकाला जे पान क्षणात दिसते, तेच दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास पुष्कळ वेळ लागू शकतो. या संथ ग्राहकाला सर्व्हर कसा वागवतो, यावर त्या सर्व्हरच्या रचनेची खरी कसोटी लागते.

२. सॉकेट आणि प्रतीक्षा

सॉकेट म्हणजे जाळ्यावरील संभाषणाचे प्रोग्रामच्या बाजूचे टोक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीबरोबर ही संकल्पना प्रसृत केली. १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सनेही तीच स्वीकारली. युनिक्सच्या परंपरेनुसार सॉकेट हे फाइलप्रमाणेच एका पूर्णांकाने, म्हणजे फाइल डिस्क्रिप्टरने, ओळखले जाते आणि रीड व राइट याच क्रियांनी त्यातून माहिती घेतली अथवा दिली जाते.

मात्र फाइल आणि जाळे यांत एक मूलभूत भेद आहे. फाइलमधील माहिती यंत्रातच असते. जाळ्यावरील माहिती दुसऱ्या टोकाला असलेल्या व्यक्तीच्या जोडणीवर अवलंबून असते. प्रोग्रामने रीड ही क्रिया केली आणि त्या क्षणी काहीच आलेले नसेल, तर कर्नल त्या प्रोग्रामला निद्रिस्त अवस्थेत ठेवते. माहिती आल्यावरच तो पुढे सरकतो. हेच ब्लॉकिंग वर्तन होय.

राइटच्या बाबतीतही हेच घडते. राइट केल्याने माहिती थेट ग्राहकाकडे जात नाही, ती प्रथम कर्नलच्या प्रेषण बफरमध्ये जाते. लिनक्समध्ये टीसीपी जोडणीसाठी हा बफर आरंभी साधारणतः १६ किलोबाइटचा असतो आणि गरजेप्रमाणे काही मेगाबाइटपर्यंत वाढू शकतो. संथ जोडणीच्या बाबतीत ही वाढ सामान्यतः मर्यादित राहते. बफर भरला की पलीकडून पोच मिळून जागा रिकामी होईपर्यंत राइट करणारा प्रोग्राम थांबून राहतो.

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडकीचे दृश्य येथे आठवावे. खिडकीवरील लिपिकाने एका विद्यार्थ्याच्या हाती अर्ज दिला आणि तो भरून होईपर्यंत इतर कोणाकडेही पाहिले नाही, तर रांग पुढे सरकणार नाही. त्या वेळात लिपिक काही काम करीत नसतो, परंतु तो मोकळाही नसतो. ब्लॉकिंग सॉकेट वापरणारा, एकाच प्रक्रियेचा सर्व्हर नेमका या लिपिकासारखा वागतो.

३. प्रक्रिया वाढविण्याचा उपाय आणि त्याचे गणित

या अडचणीवरील पारंपरिक उपाय म्हणजे प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र लिपिक नेमणे. फोर्क या क्रियेने प्रत्येक जोडणीसाठी नवी प्रक्रिया निर्माण करावी किंवा नवा थ्रेड सुरू करावा, म्हणजे एक थांबला तरी इतर चालू राहतात. अपाची या वेब सर्व्हरची प्रीफोर्क पद्धत याच तत्त्वावर चालते आणि तिच्यात एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मूळ मर्यादा २५६ आहे. मर्यादित ग्राहकसंख्येसाठी ही पद्धत सोपी, सुबोध व पुरेशी आहे.

निकालाच्या दिवशी ती कोठे अपुरी पडते, हे एका काल्पनिक परंतु साध्या गणिताने पाहता येईल. निकालाचे पान सर्व घटकांसह २०० किलोबाइटचे आहे आणि ग्राहकाच्या जोडणीचा वेग सेकंदाला १० किलोबाइट आहे, असे समजू. असे पान पोहोचण्यास २० सेकंद लागतील आणि तेवढा वेळ, अखेरचा बफरमध्ये मावणारा अंश वगळता, एक प्रक्रिया अडकून राहील. २५६ प्रक्रिया असतील तर सेकंदाला सरासरी १२.८ ग्राहकांचे, म्हणजे तासाला ४६,०८० ग्राहकांचे काम होईल. पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांना एकेकदा निकाल दाखविण्यास चौतीस तासांहून अधिक काळ लागेल.

आता प्रत्यक्ष कामाचे गणित पाहू. एका विद्यार्थ्याचा निकाल शोधून पान तयार करण्यास प्रोसेसरचा ५ सहस्रांश सेकंद लागतो असे मानले, तर आठ गाभ्यांचा एक संगणक सेकंदाला १,६०० पाने तयार करील आणि सर्व पाने सतरा मिनिटांच्या आत सिद्ध होतील. त्यासाठी सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट इतकी बँडविड्थ मात्र लागेल. काम सतरा मिनिटांचे आणि प्रतीक्षा चौतीस तासांची, अशी ही विसंगती आहे. प्रोसेसर बहुतांश वेळ रिकामा असूनही सर्व्हर व्यग्र राहतो.

येथे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगशास्त्रातील नियम उपयोगी पडतो. व्यवस्थेत एका वेळी असलेल्या ग्राहकांची सरासरी संख्या ही त्यांच्या आगमनाचा दर आणि प्रत्येकाचा व्यवस्थेतील सरासरी काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. सेकंदाला १,६०० ग्राहक येत असतील आणि प्रत्येक जण २० सेकंद थांबत असेल, तर एका क्षणी ३२,००० जोडण्या खुल्या राहतील. ३२,००० थ्रेड निर्माण करून हे साधणे अगदी अशक्य नाही. परंतु लिनक्समध्ये प्रत्येक थ्रेडसाठी साधारणतः ८ मेगाबाइटचा आभासी स्टॅक राखून ठेवला जातो. त्याचा प्रत्यक्ष वापर पुष्कळ कमी असला, तरी इतक्या थ्रेडचे नियोजन, त्यांची आलटूनपालटून होणारी अदलाबदल आणि कर्नलमधील नोंदी यांचा भार मोठा असतो. एका यंत्रावर दहा हजार ग्राहक एकाच वेळी कसे सांभाळावेत, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये ‘सी-टेन-के’ या नावाने मांडला, तो याच संदर्भात.

प्रक्रिया मोजक्या असल्या की व्यवस्थापक आणखी एक उपाय योजतो. ठरावीक सेकंदांत काम न आटोपणाऱ्या जोडण्या तो तोडून टाकतो. हा उपाय आवश्यक असला तरी त्याचा पहिला आघात संथ जोडणीच्या ग्राहकावर होतो. ज्याला आधीच उशीर लागतो, त्यालाच पुन्हा आरंभापासून प्रयत्न करावा लागतो. तांत्रिक रचनेतून निर्माण होणारी ही विषमता लक्षात घेण्यासारखी आहे.

४. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटची संकल्पना

अनुभवी लिपिक वेगळ्या रीतीने वागतो. तो विद्यार्थ्याला सांगतो, ‘बाजूला बसून अर्ज भरा, भरून झाला की या’, आणि पुढच्याला बोलावतो. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटचे सार या एका वाक्यात आहे. क्रिया त्याच क्षणी शक्य असेल तर ती करावी, नसेल तर थांबू नये, ‘आत्ता नाही’ एवढे उत्तर घेऊन परत यावे.

लिनक्समध्ये एफसीएनटीएल या फंक्शनद्वारे सॉकेटच्या स्थितिदर्शक खुणांमध्ये ‘ओ_नॉनब्लॉक’ ही खूण जोडली की सॉकेट नॉन-ब्लॉकिंग होते. हे करताना आधीच्या खुणा प्रथम वाचून घ्याव्या लागतात व त्यांत नवी खूण मिळवावी लागते, अन्यथा पूर्वीच्या खुणा पुसल्या जातात. २००८ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीपासून सॉकेट निर्माण करतानाच ‘सॉक_नॉनब्लॉक’ ही खूण देण्याची सोय झाली आहे.

अशा सॉकेटवरील प्रमुख क्रियांचे अर्थ पुढीलप्रमाणे बदलतात.

(अ) रीड : माहिती उपलब्ध असेल तितकी मिळते. काहीच नसेल तर उणे एक हे मूल्य मिळते आणि त्रुटीचा क्रमांक ‘ई-अगेन’ असतो. लिनक्समध्ये ‘ई-वुडब्लॉक’ याचे मूल्यही तेच आहे. ही खऱ्या अर्थाने त्रुटी नसून ‘नंतर या’ असा निरोप आहे. याउलट शून्य हे उत्तर मिळाल्यास दुसऱ्या बाजूने आपले लेखन संपविले आहे असे समजावे. या दोहोंतील भेद न समजणे हे नवशिक्या प्रोग्रामरच्या चुकांचे मोठे उगमस्थान आहे.

(आ) राइट : बफरमध्ये जेवढी जागा असेल तेवढेच लिहिले जाते आणि किती बाइट लिहिले गेले ती संख्या परत मिळते. वीस हजार बाइट लिहावयास सांगितले असता सहा हजारच लिहिले गेले, असे होऊ शकते. उरलेले चौदा हजार सांभाळून ठेवणे ही प्रोग्रामची जबाबदारी असते.

(इ) अ‍ॅक्सेप्ट : नवा ग्राहक नसेल तर प्रोग्राम न थांबता ‘ई-अगेन’ घेऊन परततो. लिनक्समध्ये ऐकणारे सॉकेट नॉन-ब्लॉकिंग असले तरी त्यातून मिळालेल्या नव्या सॉकेटकडे तो गुण आपोआप येत नाही. तो स्वतंत्रपणे द्यावा लागतो. बीएसडी प्रणालींचे वर्तन याहून भिन्न असल्याने तेथून आलेला प्रोग्राम लिनक्सवर अनपेक्षितपणे अडू शकतो.

(ई) कनेक्ट : जोडणी होण्यास वेळ लागत असल्याने हे फंक्शन ‘ई-इनप्रोग्रेस’ असे कळवून परतते. पुढे सॉकेट लेखनक्षम झाल्यावर गेटसॉकऑप्ट या फंक्शनने ‘एसओ_एरर’ तपासावे लागते. ते शून्य असेल तरच जोडणी यशस्वी झाली, कारण जोडणी फसली तरीही सॉकेट लेखनक्षम म्हणून कळविले जाते.

५. तयार कोण आहे? सिलेक्ट, पोल आणि ईपोल

न थांबण्याची सोय झाली तरी एक प्रश्न उरतो. बाजूला बसलेल्यांपैकी कोणाचा अर्ज भरून झाला, हे लिपिकाला कसे कळावे? प्रत्येक सॉकेटवर सतत रीड करून पाहणे हा मार्ग उपलब्ध आहे, परंतु त्यात प्रोसेसर निष्फळ विचारणा करण्यातच खर्ची पडतो. थांबावे तर लागतेच. फक्त एका ग्राहकासाठी न थांबता सर्वांसाठी एकाच ठिकाणी थांबावे, ही यामागील कल्पना आहे.

सिलेक्ट ही त्यातील सर्वांत जुनी यंत्रणा सॉकेटबरोबरच १९८३ मध्ये आली. तीत सॉकेटचा संच कर्नलला दिला जातो आणि त्यांतील किमान एक तयार होईपर्यंत प्रोग्राम थांबतो. परंतु लिनक्सवरील प्रचलित सी ग्रंथालयात या संचाची मर्यादा १,०२४ आहे आणि १,०२४ किंवा त्याहून मोठ्या क्रमांकाचा डिस्क्रिप्टर त्यात ठेवल्यास स्मृतीतील इतर माहिती बिघडू शकते. पोल या यंत्रणेत ही मर्यादा नाही. तथापि दोन्हींमध्ये प्रत्येक वेळी संपूर्ण यादी कर्नलला द्यावी लागते व ती संपूर्ण तपासली जाते. ३२,००० पैकी केवळ दहा सॉकेट तयार असतील तरी तपासणी सर्वांची होते. प्रत्येक वेळी सर्व बाकांवर फिरून ‘झाला का?’ असे विचारण्यासारखे हे आहे.

ईपोलने ही अडचण दूर केली. डेव्हिडे लिबेन्झी यांनी विकसित केलेली ही यंत्रणा २००२ मध्ये कर्नलच्या २.५ या विकासशृंखलेत समाविष्ट झाली आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीपासून सर्वसामान्य वापरात आली. तीत प्रत्येक सॉकेटची नोंद एकदाच केली जाते. माहिती आली की कर्नल स्वतःच ते सॉकेट ‘तयार’ यादीत टाकते आणि प्रोग्रामने विचारणा केल्यावर फक्त ती यादी देते. त्यामुळे विचारणेचा खर्च एकूण ग्राहकसंख्येवर अवलंबून न राहता तयार ग्राहकांच्या संख्येवर अवलंबून राहतो. आपल्या उपमेत सांगावयाचे, तर ज्यांचे अर्ज भरून झाले त्यांचीच नावे लिपिकाला आणून देणारा हा शिपाई आहे.

ईपोलचे दोन प्रकार आहेत. पातळीदर्शक प्रकारात माहिती शिल्लक असेपर्यंत सॉकेट पुनःपुन्हा तयार म्हणून कळविले जाते. कडदर्शक प्रकारात नवी माहिती आल्याची वर्दीच तेवढी मिळते. दुसऱ्या प्रकारात वर्दी मिळताच ‘ई-अगेन’ येईपर्यंत वाचत राहणे आवश्यक असते. अन्यथा उरलेली माहिती बफरमध्ये पडून राहते आणि ग्राहक व सर्व्हर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. अध्यापनासाठी आणि प्रथम लेखनासाठी पातळीदर्शक प्रकारच सुरक्षित होय.

या पायावर उभ्या राहिलेल्या प्रणाली आज सर्वपरिचित आहेत. इगोर सिसोयेव यांचा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर २००४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. नोड जेएस २००९ मध्ये आले. अपाचीनेही २०१२ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत इव्हेंट पद्धतीचा अंगीकार केला. २०१९ मध्ये कर्नलच्या ५.१ आवृत्तीत आलेली आयओ-यूरिंग ही यंत्रणा आणखी एक पाऊल पुढची आहे. तीत ‘तयार कोण’ असे न विचारता काम कर्नलकडे सोपविले जाते आणि ते पूर्ण झाल्याची नोंद घेतली जाते.

६. प्रोग्राम लिहिताना होणाऱ्या चुका

नॉन-ब्लॉकिंग पद्धतीत प्रत्येक ग्राहकाची अवस्था प्रोग्रामला स्वतः लक्षात ठेवावी लागते. कोणाची विनंती अर्धी आली आहे, कोणाला उत्तराचा किती भाग गेला आहे, याची नोंद प्रत्येक जोडणीसाठी ठेवावी लागते. ब्लॉकिंग पद्धतीत हे काम प्रक्रियेचा स्टॅक नकळत करीत असतो. या बदलाचे भान न राहिल्याने पुढील चुका संभवतात.

पहिली चूक अंशतः झालेल्या राइटकडे दुर्लक्ष करण्याची. लहान चाचणीत सर्व बाइट एकदम जातात, म्हणून प्रोग्राम बरोबर वाटतो. संथ ग्राहकाला मात्र अर्धेच पान मिळते.

दुसरी चूक लेखनक्षमतेची वर्दी सतत मागण्याची. सॉकेट बहुतेक वेळ लेखनक्षम असतेच. त्यामुळे लिहावयाचे काहीही नसताना ही नोंद चालू ठेवल्यास विनाकारण चक्र फिरत राहते व प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र दिसतो. उरलेले बाइट असतील तेव्हाच नोंद करावी आणि ते गेल्यावर काढून घ्यावी.

तिसरी चूक ऐकणारे सॉकेट ब्लॉकिंग ठेवण्याची. नवा ग्राहक आल्याची वर्दी मिळणे आणि अ‍ॅक्सेप्ट होणे यांच्या दरम्यान ग्राहकाने जोडणी मोडल्यास काही प्रणालींवर तो रांगेतून नाहीसा होतो. दुसऱ्या प्रक्रियेने त्याला आधीच घेतले असण्याचाही संभव असतो. अशा वेळी संपूर्ण सर्व्हर अ‍ॅक्सेप्टमध्ये अडकतो.

चौथी चूक बंद झालेल्या जोडणीवर लिहिण्याची. अशा वेळी कर्नल ‘सिगपाइप’ हा संकेत पाठविते आणि त्याची तजवीज नसल्यास प्रक्रियाच संपुष्टात येते. एका ग्राहकाने खिडकी बंद केल्याने हजारोंची सेवा खंडित होऊ नये, यासाठी या संकेताकडे दुर्लक्ष करण्याची व्यवस्था आरंभीच करावी.

यांखेरीज प्रणालीच्या दोन मर्यादा तपासून घ्याव्यात. एका प्रक्रियेस उघडता येणाऱ्या डिस्क्रिप्टरची मर्यादा अनेक ठिकाणी मूलतः १,०२४ असते. ती न वाढविल्यास ईपोल वापरूनही ३२,००० जोडण्या होणार नाहीत. तसेच स्वीकृतीच्या प्रतीक्षेत असलेल्या जोडण्यांच्या रांगेची कमाल लांबी, जी ‘सोमॅक्सकॉन’ या नावाने ओळखली जाते, पूर्वी मूलतः १२८ होती आणि कर्नल ५.४ पासून ४,०९६ झाली आहे. जुन्या यंत्रांवर ही रांग भरली की नवे ग्राहक प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाहीत.

७. या पद्धतीच्या मर्यादा

नॉन-ब्लॉकिंग सॉकेटमुळे काम कमी होत नाही व प्रोसेसरही वेगवान होत नाही. वाया जाणारी प्रतीक्षा तेवढी टळते. एका चक्रात सर्व ग्राहक सांभाळले जात असल्याने त्या चक्रात कोठेही ब्लॉकिंग क्रिया झाली तर सर्वच थांबतात. लिनक्समध्ये ‘ओ_नॉनब्लॉक’ ही खूण डिस्कवरील सामान्य फाइलवर परिणामकारक ठरत नाही. डेटाबेसला नेहमीच्या पद्धतीने विचारलेला प्रश्न, किंवा संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारे गेटअ‍ॅड्रइन्फो हे फंक्शन, यांमुळेही चक्र अडते. अशी कामे मोजक्या थ्रेडच्या वेगळ्या गटाकडे सोपविणे हा रूढ उपाय आहे.

निकालाच्या बाबतीत आणखी सोपा मार्ग संभवतो. जाहीर झालेला निकाल त्या दिवशी बदलत नाही. म्हणून प्रत्येक बैठक क्रमांकाचे उत्तर आधीच तयार करून स्मृतीत ठेवल्यास विनंतीच्या क्षणी डेटाबेसकडे जाण्याची आवश्यकताच उरत नाही. मग सर्व्हरकडे केवळ देवाणघेवाण उरते आणि नॉन-ब्लॉकिंग सॉकेटचे सामर्थ्य तेथे पूर्णत्वाने दिसते.

कालमर्यादेचा प्रश्नही पूर्णपणे सुटत नाही. २००९ मध्ये उघडकीस आलेल्या स्लोलोरिस या हल्ल्यात एकच संगणक अनेक जोडण्या उघडून अत्यंत संथपणे विनंती पाठवितो आणि प्रक्रियांवर आधारित सर्व्हरला निकामी करतो. सर्व्हरच्या दृष्टीने असा हल्लेखोर आणि दुर्गम भागातील प्रामाणिक विद्यार्थी हे सारखेच दिसतात. म्हणून कालमर्यादा ठेवावीच लागते. परंतु एका संथ ग्राहकाची किंमत एका संपूर्ण प्रक्रियेऐवजी काही किलोबाइट स्मृती एवढीच असेल, तर ती मर्यादा उदार ठेवणे परवडते.

८. प्रयोगशाळेसाठी सूचना

महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत सॉकेटचा पहिला प्रोग्राम बहुधा प्रतिध्वनी सर्व्हरचा असतो. तो ब्लॉकिंग असतो, एकाच यंत्रावर आणि एकाच ग्राहकासह तपासला जातो आणि यशस्वी ठरतो. या तपासणीत ‘ई-अगेन’ किंवा अंशतः झालेले राइट विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडत नाही. ती उणीव पुढील प्रयोगाने भरून काढता येईल.

प्रथम एकाच प्रक्रियेचा ब्लॉकिंग सर्व्हर चालवावा. एका संगणकावरून टेलनेटने जोडणी करून काहीही न लिहिता सोडून द्यावी. दुसऱ्या संगणकावरील विद्यार्थ्याला प्रतिसाद मिळत नाही, हे वर्गाला दाखवावे. एसट्रेस या साधनाने पाहिल्यास सर्व्हर रीड या क्रियेत थबकलेला स्पष्ट दिसतो. त्यानंतर तोच सर्व्हर ईपोलच्या आधारे लिहून पुन्हा हीच कृती करावी. शेवटी ‘एसओ_एसएनडीबफ’ या पर्यायाने प्रेषण बफर मुद्दाम लहान ठेवून, ‘टीसी’ या आज्ञेच्या नेटएम सुविधेने जाळ्यात कृत्रिम विलंब घालून आणि मोठी फाइल पाठवून अंशतः होणारे राइट विद्यार्थ्यांना मोजावयास सांगावे. बफरसाठी दिलेले मूल्य कर्नल दुप्पट करून ठेवते, हेही त्यांच्या निदर्शनास आणून द्यावे. या प्रयोगास कोणतीही नवी सामग्री लागत नाही. लिनक्स असलेले दोन संगणक पुरेसे आहेत.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) गर्दीच्या वेळी सर्व्हर अडण्याचे एक महत्त्वाचे कारण कामाचा भार नसून प्रतीक्षेची पद्धत हे असू शकते. म्हणून यंत्रे वाढविण्यापूर्वी सर्व्हर कशासाठी थांबतो आहे, हे तपासणे इष्ट ठरते.

(२) नॉन-ब्लॉकिंग सॉकेट आणि ईपोल यांच्या संयोगाने एक प्रक्रिया हजारो जोडण्या सांभाळू शकते. त्यासाठी प्रत्येक जोडणीच्या अवस्थेची नोंद ठेवण्याची शिस्त मात्र प्रोग्रामरला अंगीकारावी लागते.

(३) डिस्क, डेटाबेस आणि गणनेचा भार यांवर हा उपाय नाही. त्यांची व्यवस्था स्वतंत्रपणे करावी लागते.

(४) संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत संथ ग्राहकाचा समावेश जाणीवपूर्वक व्हावयास हवा. केवळ वेगवान जोडणीवर तपासलेला प्रोग्राम हा अर्धाच तपासलेला असतो.

आजचा विद्यार्थी उद्या एखाद्या निकालाचे, प्रवेशाचे किंवा शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ लिहिणार आहे. भामरागडहून येणारी विनंती त्याने प्रयोगशाळेतच एकदा हाताळलेली असेल, तर निकालाच्या दिवशी तिच्यासाठी इतर कोणाला थांबावे लागणार नाही आणि तिलाही अर्ध्यावरून परतावे लागणार नाही.